भरतीचं ऑफिस नको म्हणणारं गाव

प्रश्न : आमचं गाव सातारा जिल्ह्यात, अपशिंगे मिलिटरीच्या जवळचं. इकडे घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. माझे वडील होते, थोरला मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. भरती लागली की गावातली पोरं पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळायला लागतात. मागच्या महिन्यात अमेरिकेतून भाचा आला होता, तो सांगत होता की तिकडे एका शहराने मरीन्सच्या, म्हणजे तिकडच्या सैन्याच्या एका दलाच्या, भरती ऑफिसला 'तुम्ही आम्हाला इथे नको' असा ठराव केला होता. माझा तर विश्वासच बसेना. हे खरं आहे का? आणि सैनिकाचा असा अपमान कुणी का करावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काका, खरं आहे. आणि योगायोग असा की मी तेव्हा तिथेच राहत होते. ते शहर म्हणजे कॅलिफोर्नियातलं बर्कली. डाउनटाउन बर्कलीच्या पुढे लोकलची दोन स्टेशनं गेलं की एल सेरिटो, तिथे आमचं घर, आणि कामासाठी मी रोज बर्कलीला उतरायचे. स्टेशनातून वर आलं की शॅटक स्क्वेअर, तिथेच ते मरीन्सचं ऑफिस.

हे ऑफिस तसं गाजावाजा न करता आलं होतं, बरेच महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही. 2007 च्या सप्टेंबरपासून कोड पिंक नावाच्या बायकांच्या युद्धविरोधी संघटनेने दारात बसायला सुरुवात केली. इराकचं युद्ध 2003 च्या मार्चमध्ये सुरू झालेलं, 2008 च्या मार्चपर्यंत तिथे मेलेल्या अमेरिकन सैनिकांचा आकडा 4000 वर गेला, इराकी लोक किती गेले त्याचा तर हिशोबच नाही. लोक चिडलेले होते आणि वॉशिंग्टन तिथून हजारो मैल लांब, मग आपल्या गल्लीत सरकारचं जे दार उघडं दिसतं तिथे जाऊन माणूस उभा राहतो.

29 जानेवारी 2008 ला नगर परिषदेने बहुमताने ठराव केला. मरीन्सना पत्र लिहायचं की हे ऑफिस आम्हाला नको आहे, आणि तरी राहिलात तर न बोलावता आलेले नकोसे घुसखोर म्हणून राहाल. शिवाय त्या बायकांना ऑफिसच्या समोरची एक पार्किंगची जागा आठवड्यातून एकदा दुपारी चार तासांसाठी, सहा महिने, आणि स्पीकरची परवानगी फुकट. तेव्हा सैन्यात समलिंगी लोकांना उघडपणे राहता येत नव्हतं, तो नियम 2011 मध्ये गेला, म्हणून शहराचा भेदभावविरोधी कायदा या ऑफिसला लावता येतो का हेही तपासायला सांगितलं होतं.

मग जे पेटलं ते विचारू नका. टीव्हीवर दिवसभर तेच. साउथ कॅरोलिनाचे सिनेटर जिम डेमिंट यांनी बर्कलीला मिळणारा केंद्राचा साधारण 20 लाख डॉलरचा निधी काढून घ्यायचं विधेयक आणलं. 12 फेब्रुवारीला परिषदेची परत मीटिंग झाली, बाहेर एका बाजूला झेंडे घेतलेले सैनिकांचे आईबाप, दुसऱ्या बाजूला गुलाबी कपड्यातल्या बायका आणि हायस्कूलची पोरं, मध्ये पोलीस. लोकांचं बोलणं मध्यरात्र उलटून गेली तरी चाललं होतं. शेवटी पत्र पाठवायचं नाही असं ठरलं, भरती ऑफिसला इथे राहायचा हक्क आहे आणि लोकांना त्याला विरोध करायचा हक्क आहे असं परिषदेने मान्य केलं. माफी मात्र मागितली नाही. आणि काका, तेव्हाचे महापौर टॉम बेट्स स्वतः अमेरिकन लष्करात कॅप्टन होते, म्हणजे सैन्य काय असतं हे माहीत नसलेली माणसं ही होती असं समजू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, का. एका बुधवारी मी मुद्दाम थांबले. फोल्डिंगच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या असतील, गळ्यात गुलाबी मफलर, मांडीवर थर्मास. मी विचारलं, तुम्हाला सैनिकांचा राग आहे का? त्यांनी उत्तर न देता पिशवीतून एक कागद काढला, भरतीच्या कराराची झेरॉक्स होती, त्यातल्या एका कलमाला पिवळ्या पेनाने रंगवलेलं. त्यात लिहिलं होतं की सैन्याला लागू असलेले कायदे आणि नियम मला न कळवता बदलू शकतात, आणि या करारात काहीही लिहिलेलं असलं तरी त्या बदलांमुळे माझा पगार, भत्ते, सवलती, जबाबदाऱ्या बदलू शकतात. त्या म्हणाल्या, हे वाक्य सतरा वर्षांच्या मुलाला कुणी मोठ्याने वाचून दाखवतं का ते मला सांग. मला ते वाक्य आजपर्यंत विसरता आलेलं नाही.

तुमच्या गावात आणि तिथे मोठा फरक हा आहे की आपल्याकडे पोरं भरतीकडे पळत जातात, एका जागेसाठी किती उभी असतात ते तुम्ही रोज बघता. तिथे 1973 मध्ये सक्तीची भरती संपली, तेव्हापासून भरती अधिकाऱ्यालाच पोरांकडे जावं लागतं, आणि त्याच्या डोक्यावर किती पोरं आणायची त्याचं टार्गेट असतं. इराक युद्धाच्या काळात ही माणसं मिळेनात. 2005 मध्ये लष्कराला 80000 हवी होती, सुमारे 6600 कमी पडली. मग भरती होणाऱ्याला मिळणारा बोनस वाढला, 2006 मध्ये 40000 डॉलरपर्यंत गेला, आणि काही ठिकाणी भरती अधिकारी पोरांना खोटंनाटं सांगतात अशा इतक्या तक्रारी आल्या की 20 मे 2005 ला लष्कराने देशभरातली भरती एक दिवस थांबवून सगळ्या अधिकाऱ्यांना नियम परत शिकवले. हे लष्कराने स्वतः केलं, विरोधकांनी नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर विरोध बरोबर होता पण ठरावाची भाषा चुकीची होती. ते ऑफिस खरं तर कॉलेजच्या मुलांमधून अधिकारी निवडायचं होतं, शाळकरी पोरांमागे लागणारं नव्हतं, आणि 'घुसखोर' हा शब्द वॉशिंग्टनच्या धोरणाला न लागता काचेमागे उभ्या असलेल्या माणसाला लागला. मी त्याला बघितलंय. पंचविशीतला मुलगा, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, बाहेर आवाज वाढला की हळूच पडदा ओढून घ्यायचा. तुमच्या थोरल्याच्याच वयाचा असेल. त्याला ऑफिस कुठे उघडायचं हे विचारून कुणी पाठवलं नव्हतं.

प्रश्न : आम्ही फ्रीमाँटला राहतो, सगळ्यांचं ग्रीन कार्ड आहे. मुलगा अकरावीत आहे, या महिन्यात त्याला सैन्यभरतीवाल्यांचे तीन फोन आले. आम्ही कुणालाच नंबर दिला नव्हता. मिस्टर म्हणतात दुर्लक्ष कर, पण मला झोप लागत नाही. त्यांना नंबर मिळाला कसा? हे थांबवता येतं का?
– एक आई, कॅलिफोर्निया

उत्तर : ताई, बहुतेक शाळेनेच दिला. घाबरू नका, यात बेकायदेशीर काही नाही. केंद्राचे पैसे घेणाऱ्या हायस्कूलला मुलांची नावं, पत्ते, फोन नंबर मागितले की सैन्याला द्यावेच लागतात, हा नियम 2002 पासून आहे आणि 2015 च्या नव्या शिक्षण कायद्यातही तसाच राहिला. वर ज्या बर्कलीबद्दल लिहिलं तिथल्या हायस्कूलनेसुद्धा बरीच वर्षं टाळाटाळ करून शेवटी 2007 मध्ये मान तुकवली.

पण त्याच कायद्यात पालकांना नाही म्हणायचा हक्कही आहे. शाळेच्या ऑफिसला दोन ओळींचं पत्र द्या की आमच्या लेखी परवानगीशिवाय आमच्या मुलाची माहिती सैन्यभरतीला देऊ नये, आणि त्याची तारीख-शिक्क्याची प्रत घरी ठेवा. ज्यांच्याकडे नंबर आधीच गेलाय त्यांना फोनवर शांतपणे सांगा की परत करू नका. शाळेत ॲसव्हॅब नावाची परीक्षा होत असेल तर ती सैन्याचीच असते, निकाल भरतीवाल्यांना पाठवायचा नाही असा पर्याय असतो, तो शाळेने निवडलाय का हे काउन्सेलरला नक्की विचारा.

सतराव्या वर्षी आईवडिलांच्या सहीशिवाय त्याला भरती होता येत नाही. आणि समजा अठरा झाल्यावर त्याने कुठे सही केलीच, तरी ट्रेनिंगला निघायच्या दिवसापर्यंत लेखी कळवून माघार घेता येते. आता आलं नाहीस तर अटक होईल असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं आहे. मिस्टरांना एक गोष्ट मात्र सांगा, सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे कधी सक्तीची भरती करावी लागलीच तर म्हणून सरकार ठेवतं त्या यादीतली, नोंदणी वेगळी, ती दुर्लक्ष करायची नाही, 18 ते 25 वयाच्या ग्रीन कार्डवाल्या मुलांचं नावही त्यात असावंच लागतं. ते नाव असणं म्हणजे भरती होणं नव्हे.

आणि हे सगळं त्याच्या पाठीमागे करू नका. त्याला समोर बसवून विचारा की फोनवर नक्की काय बोलणं झालं, त्याला त्यात काही आवडलं का. कदाचित त्याला खरंच जायचं असेल, मग करार तिघांनी मिळून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शाळेचं पत्र मात्र या आठवड्यातच द्या. अठरा पूर्ण झाले की ते पत्र त्याचं त्यालाच लिहावं लागेल.