हनोईत मोठ्यांना इंग्रजी शिकवायला निघालेल्या नेरुळच्या ताईंना

तुम्ही विचारलंय : नेरुळला इतकी वर्षं शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवलं, आता व्हिएतनाममध्ये हनोईतल्या एका भाषा केंद्रात नोकरी ठरत आलीय, पण तिथले विद्यार्थी तिशी ते पन्नाशीचे, त्यांच्याशी सूत कसं जुळवायचं? मी ठाण्यातल्या नौपाड्याची. हल्ली हनोईत हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कागदपत्रांचं आधी उरकते. पदवी, १२० तासांचं इंग्रजी अध्यापनाचं प्रमाणपत्र, पोलिस क्लिअरन्स आणि त्यांवरची साक्षांकनं भारतातूनच करून निघा. ‘टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिटचं नंतर बघू’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे आणि निस्तरावं तुम्हालाच लागतं.

आता मूळ प्रश्न. मोठ्या माणसाला इंग्रजी येत नाही याची फारशी लाज नसते. ते चारचौघांत उघडं पडेल याची असते. बाकी सगळं यातूनच निघतं. नेरुळच्या मुलांना आवडणारे खेळ, टाळ्या, ‘व्हेरी गुड’चे स्टिकर बँकेतल्या मॅनेजरपुढे काढलेत, तर तो हसेल, सगळं करेल आणि पुढच्या आठवड्यात येणार नाही. इथे अवघडलेला माणूसही हसतो, हे डोक्यात पक्कं ठेवा.

सगळ्यात नाजूक प्रकार म्हणजे कंपनीने भरवलेला वर्ग. साहेब आणि त्याच्या हाताखालची पोरं एकाच बाकांवर. पोराचं इंग्रजी बरं असलं तरी साहेबासमोर तो मुद्दाम अडखळतो, निदान गप्प तरी बसतो. त्या दोघांची जोडी कधीच लावू नका. साहेबाला त्याच्या कामातलं काहीतरी समजावून सांगायला लावा, त्यातले शब्द त्याला आपल्यापेक्षा जास्त येत असतात. चूक झाली म्हणून कुणाला बोलता बोलता तोडू नका. चुका कागदावर टिपून ठेवा आणि शेवटी, कुणाची कुठली ते न सांगता, फळ्यावर घ्या. ‘समजलं का?’ विचारण्यात काही अर्थ नाही. उत्तर ‘हो’च येणार. त्यापेक्षा एक वाक्य करून दाखवायला सांगा.

पहिल्याच दिवशी तुम्हाला वय विचारतील, लग्न झालंय का विचारतील, कदाचित पगारही. ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात शेजारची बाई चौकशी करते तेवढंच हे निरागस आहे. पगाराला हसून बगल द्या, वय मात्र सांगून टाका. समोरच्याला काय म्हणून हाक मारायची हे तिथे वयावर ठरतं, त्याशिवाय त्यांना बोलणं सुरूच करता येत नाही. नावाचंही तसंच. आडनाव आधी आणि स्वतःचं नाव शेवटी. हाक शेवटच्या नावाने मारायची. न्गुयेन हे आडनाव तिथे इतकं सर्रास आहे, की ‘मिस्टर न्गुयेन’ म्हणालात तर अर्धा वर्ग मान वर करेल. हनोईच्या बोलीत सहा सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, तेव्हा नावं नीट म्हणायला त्यांच्याकडूनच शिका. ती पाच-दहा मिनिटं ते शिक्षक आणि आपण ढ. हसतील, हसू द्या. माझ्या मते वर्ग मोकळा करायला याहून चांगला उपाय नाही.

भारतीय म्हणून एक कटू गोष्ट आधीच सांगते. काहींना गोरा शिक्षक हवा असतो आणि आपल्याला पाहून त्यांचा चेहरा पडतो. अमेरिकन उच्चारांचं सोंग आणू नका, दोन तासांत उघडं पडतं. आपणही ही भाषा शिकूनच मिळवलीय, हे सांगा. मी सांगते की मराठीत ‘व’ एकच, त्यामुळे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ वेगळं म्हणायला मलाही जीभ वळवावी लागली. मग शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळण्याची त्यांची सवय काढणं सोपं जातं. इंग्रजी जन्मजात असलेल्या शिक्षकाला हे सांगता येत नाही.

वर्गाचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे, ‘झालो’ (Zalo) या तिथल्या मेसेजिंग अ‍ॅपवर असतो. २० नोव्हेंबरला तिथला शिक्षक दिन, फुलं येतील, ती आनंदाने घ्या. महागडी वस्तू आली तर, विशेषतः परीक्षेच्या तोंडावर, गोड बोलून परत करा. वर्गानंतर फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बर्फाचा चहा प्यायला बोलावतील. जा, पण दर वेळी त्याच दोघा-तिघांबरोबर नको, बाकीचे लक्ष ठेवून असतात. राजकारणावर बोलणं टाळा. आणि तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, आधी वर्ग ओस पडला तर मनाला लावून घेऊ नका, सगळे गावी पळतात.

निघायला अजून वेळ आहे म्हणता, तर नेरुळमध्येच चार-पाच मोठी माणसं गोळा करा. सोसायटीचे सेक्रेटरी, एपीएमसीतला एखादा व्यापारी, हॉस्पिटलमधली नर्स, असा वय आणि हुद्दा मिसळलेला गट हवा. फी घेऊ नका, पण वेळ संध्याकाळी साडेसातनंतरचीच ठेवा. दिवसभर राबून, गाडीत लोंबकळून आलेल्या माणसाला किती वेळ शिकवता येतं याचा अंदाज तिथेच येईल, कारण हनोईतही तुमचे बहुतेक वर्ग त्याच वेळेला असतील.