वाचकांचे प्रश्न : उशिरा बोलणारा संगणक

प्रश्न : मी पूर्णतः दृष्टिहीन असून घरच्या डेस्कटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. संगणक आठ वर्षांचा, विंडोज १० आणि ४ जीबी रॅम असलेला आहे. सकाळी तो सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटे आवाज जवळजवळ येतच नाही. पुढे दिवसभर कळ दाबल्यावर दोन-तीन सेकंदांनी उत्तर मिळते. दुकानदार म्हणतो, हा बोलणारा प्रोग्राम जड आहे, तो काढा, मी फॉरमॅट मारून देतो. मॉनिटर मला निरुपयोगी म्हणून भाचीला देऊन टाकला आहे. काय करावे? (एक वाचक, कराड)

उत्तर : दुकानदाराचा सल्ला मानू नका. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली लिहायला घेतलेला एनव्हीडीए पेनड्राइव्हवरूनही चालतो, इतका तो हलका आहे. तो काढल्यावर संगणक वेगवान झाला, तरी तुम्हाला ते कळणार कसे?

आधी उशीर कोण करते आहे, ते ठरवावे. इन्सर्ट, कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबून आवाजांच्या यादीतून ईस्पीक निवडा. हा आवाज कानाला पत्र्यासारखा लागतो, पण तो मराठी वाचतो आणि उत्तर झटकन देतो. त्याच्यामुळे विलंब गेला, तर दोष तुमच्या नेहमीच्या आवाजाचा होता आणि पुढचे काही करायला नको. ईस्पीकही तितकाच रेंगाळत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यातील परफॉर्मन्स विभागात मेमरी (म्हणजे रॅम) व डिस्क यांच्यापुढचे टक्के ऐका.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून, विशेषतः सकाळच्या त्या दहा मिनिटांवरून, मेमरी नव्वदच्या आसपास आणि डिस्क शंभराला टेकलेली ऐकू येईल, असा माझा अंदाज आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर एक सुई इकडून तिकडे धावत असते आणि संगणक सुरू होताच अँटिव्हायरस, अपडेट, छपाईयंत्राचा प्रोग्राम असे सगळेच तिच्याकडे एकदम मागणी करतात. त्यात रॅम ४ जीबीच असल्याने ती भरली की विंडोज उरलेला पसारा त्याच डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. स्क्रीन रीडर स्वतःहून काही जाणत नाही. खिडकीत काय आहे, हे तो त्या त्या प्रोग्रामला विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. तो प्रोग्रामच डिस्कवरून परत यायचा असेल, तर स्क्रीन रीडर मुका होतो. डोळस माणसाला अशा वेळी निदान अर्धवट उमटलेली खिडकी दिसते. तुमच्या वाट्याला नुसती शांतता येते आणि म्हणून तोच विलंब तुम्हाला अधिक जाचतो.

यावर खरा उपाय म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवणे आणि मदरबोर्डला चालणाऱ्या जातीची रॅम घालून ती ८ जीबी करणे. दोन्हींतले एकच परवडणार असेल, तर एसएसडी आधी घ्यावी. फॉरमॅट न मारता जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर करून मागा, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज टिकतील. डिस्कमधून कट-कट असा ठेका ऐकू येत असेल, तर मात्र इतर काहीही करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या.

तोवर सेटिंग्जमधील अॅप्स, त्याखालील स्टार्टअप या यादीतून नको ते प्रोग्राम बंद करा. ध्वनीशी संबंधित नोंदीला हात लावू नका. रोज रात्री शट डाउन करूनही विंडोज पूर्णपणे ताजी होत नाही, कारण फास्ट स्टार्टअप या सोयीमुळे तिचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावे. एनव्हीडीएतून बाहेर पडताना येणाऱ्या चौकटीत अॅड-ऑन (वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद ठेवून पुन्हा सुरू करण्याचा पर्याय असतो, तोही एकदा करून पाहा.

मॉनिटर देऊन टाकल्याचे आपण जाता जाता लिहिले आहे, पण ती बाब दुर्लक्षण्यासारखी नाही. काही संगणकांत मॉनिटर जोडलेला नसला की ग्राफिक्सचा भाग नीट कामाला लागत नाही आणि सगळेच प्रतिसाद मंदावतात. कोणाचा तरी मॉनिटर तासभर जोडून पाहा. फरक जाणवल्यास मॉनिटर असल्याचा भास निर्माण करणारा छोटा एचडीएमआय डमी प्लग घ्यावा. भाचीकडून मॉनिटर परत मागण्याची वेळ येणार नाही.

संगणक दुकानात नेण्यापूर्वी एनव्हीडीएच्या टूल्स मेनूमधून पेनड्राइव्हवर पोर्टेबल, म्हणजे संगणकात न बसवता चालणारी, प्रत करून ठेवा. फॉरमॅट मारलाच गेला, तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळांनी विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटर बोलता करता येतो आणि मग ती प्रत चालू करता येते. खर्चाचा निर्णय घेताना विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात घ्या. विंडोज ११ आपला प्रोसेसर स्वीकारतो की नाही, हे आधी तपासून घ्यावे; स्वीकारत नसेल, तर रॅमवर खर्च न करता फक्त एसएसडी घ्यावी, कारण ती पुढच्या संगणकातही बहुधा वापरता येते.

प्रश्न : माझा संगणक नवा आहे, तरी वर्तमानपत्राचे पान उघडले की स्क्रीन रीडर अडखळतो. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : स्क्रीन रीडर वाचण्यापूर्वी संपूर्ण पानाचा मजकूर स्वतःकडे उतरवून घेतो; जाहिराती आणि सतत बदलणाऱ्या ठळक बातम्या यांमुळे ती नोंद त्याला पुन्हा पुन्हा करावी लागते. फायरफॉक्स किंवा एजमध्ये बातमी उघडल्यावर एफ ९ दाबा. वाचन दृश्य उपलब्ध असेल, तर फक्त बातमीचा मजकूर उरतो आणि अडखळणे बहुतेक थांबते.