कोयतीवरचं तांबं आणि आगळातली वीज

सुपारीवर फवारायला बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) करताना चुनकळी पाण्यात टाकली की विस्तव नसताना पाणी खदखदतं. पुढे वडील मिश्रणात कोयती बुडवून बघायचे. ती तांबूस झाली की म्हणायचे, "अजून चुना घाल." हे काय गौडबंगाल आहे?
– एक बागायतदार, श्रीवर्धन

विस्तव नाही कसा? तो भट्टीत आधीच लागून गेलाय. शिंपले किंवा चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. ५६ ग्रॅम चुनकळी तयार व्हायला सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. तीच चुनकळी पाण्यात विरते तेव्हा त्यातली ६५ किलोज्यूल परत मिळते. किलोभर चुनकळीचा हिशेब केलात तर तीन-साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी. म्हणून चुनकळी थोडी थोडी टाका आणि तोंड लांब ठेवा, डोळ्यात उडालेला चुना फार वाईट. राहिलेल्या ११३ किलोज्यूलचं काय? भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो, तेव्हा तीही परत येते. महिनोन् महिने झिरपत येते, म्हणून हाताला कळत नाही.

आता कोयती. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या पाण्यात तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटे फिरत असतात. लोखंडाला इलेक्ट्रॉन सोडून द्यायची तांब्यापेक्षा जास्त घाई. लोखंडाचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन टाकून पाण्यात उतरतो, ते तांब्याचा आयन उचलतो आणि तांबं होऊन कोयतीवरच बसतो. पुरेसा चुना असेल तर सगळं तांबं न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात अडकतं आणि कोयती कोरीच राहते. कोयती लाल झाली याचा अर्थ सुटं तांबं अजून शिल्लक आहे, ते पानं जाळणार. वडिलांची परीक्षा चोख होती. मिश्रण लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत का करू नये, तेही यातच आलं.

कोयतीवरची ही देवघेव हातोहात होते, म्हणून हाती फक्त उष्णता लागते. लोखंडाऐवजी जस्त घ्या. ६५ ग्रॅम जस्त मोरचुदाच्या पाण्यात टाकलं तर सुमारे २१९ किलोज्यूल उष्णता निघते आणि पाणी गरम होऊन गप्प बसतं. पण जस्त एका भांड्यात, मोरचूद दुसऱ्यात, मधे आयन झिरपतील असा पडदा आणि वरून तार जोडली, तर इलेक्ट्रॉनांना तारेनेच जावं लागतं. त्या वळशाला आपण वीज म्हणतो. २१९ पैकी २१२ किलोज्यूलपर्यंत काम त्या वाटेने काढून घेता येतं. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डॅनियलने १८३६ मध्ये बनवलेला विद्युतघट तो हाच, १.१ व्होल्टचा.

विज्ञान प्रदर्शनासाठी कोकम सरबतात तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी घातली, पण एलईडी लागला नाही. लिंबू घेऊ का?
– इयत्ता नववी, गुहागर

लिंबू घेऊन काही फरक पडायचा नाही गं. वीज कोकमातून येत नाही, तुझ्या जस्ताच्या पट्टीतून येते. झिजते ती पट्टी, कोकमाचं आम्ल नुसतं गिऱ्हाईक. (तांब्याच्या तारेवर बुडबुडे दिसले ना? तो हायड्रोजन.) असा एक घट जेमतेम ०.९ व्होल्ट देतो आणि लाल एलईडीला १.८ च्या आसपास लागतात. तीन-चार वाट्या एकापुढे एक जोड, एकीचं जस्त दुसरीच्या तांब्याला. आणि सरबत नको, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घे. साखरेतून वीज वाहत नाही, आगळातल्या मिठामुळे वाहते. पट्ट्या रुंद घे, जवळजवळ ठेव, खोलीत अंधार कर. प्रयोग झाला की आगळ ओतून टाक, त्यात जस्त उतरलेलं असतं. आजीच्या बरणीतलं चोरलंस तर तेवढं तिला सांग.

'निसर्ग' वादळानंतर इन्व्हर्टर घेतला. बॅटरीत विहिरीचं पाणी चालेल का?
– मुरुड

नाही. समुद्राकाठच्या विहिरीतलं मीठ आणि जांभ्यातलं लोह, दोन्ही शिशाच्या पट्ट्यांना मारक. डिस्टिल्ड वॉटरच घाला, ॲसिड वरून घालू नका. चार्जिंगच्या वेळी पाणी फुटून हायड्रोजन निघतो, तेव्हा बॅटरी देवघरात समईशेजारी नको.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून शाकारली की पंख्याजवळच्या (प्रोपेलरजवळच्या) झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, वड्या अर्ध्या खाल्लेल्या दिसतात. यंदा त्यांनाही रंग मारू का, टिकतील तरी?
– हर्णै

मुळीच मारू नका. त्या झिजण्यासाठीच लावलेल्या आहेत. पितळ-काशाचा पंखा, पोलादी दांडा आणि खारं पाणी, एवढ्यात तुमच्या होडीखाली घट तयार झालाच. त्यात कुठलं तरी एक धातू विरघळणार. जस्त सगळ्यांच्या आधी इलेक्ट्रॉन देतं, म्हणून दांडा वाचतो. अर्धी झिजली की वडी बदला. खरी काळजी करा ती वर्षभरानंतरही नव्यासारखी राहिलेल्या वडीची. तिचा धातूशी सांधा सुटलाय किंवा गेल्या खेपेला कुणीतरी रंग मारून ठेवलाय.

१८२४ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर हाच उपाय केला. तळाला तांब्याचा पत्रा असे, त्याला जस्त-लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं, डेव्ही जिंकला. पण झिजणारं तांबं पाण्यात उतरून शेवाळ-शिंपल्यांना मारत होतं, तेही थांबलं. तळ शिंपल्यांनी भरून गेले आणि जहाजं मंदावली. बिचाऱ्याचं रसायनशास्त्र बरोबर होतं. तुमच्या पंख्यालाही तोच न्याय, तेव्हा वड्या नव्या लावल्यात तरी पंखा खरवडायचं काम आहेच.