नकाशा बरोबर आहे, ओढा खरंच दोन समुद्रांना जातो

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या डोंगरांत नॉर्थ टू ओशन क्रीक नावाचा ओढा आहे. नकाशावर तो मध्येच फुटतो, एक निळी रेघ पॅसिफिक क्रीकला मिळते आणि दुसरी अटलांटिक क्रीकला. ही नकाशा काढणाऱ्याची चूक आहे का, आणि नसेल तर या ओढ्याचा पाणलोट, म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी त्याच्यात येतं ती, कुठल्या बाजूला धरायचा?

चूक नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबणार आहे, कारण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि सगळा घोळ तिथेच आहे.

तुम्हाला शंका आली यात नवल नाही. डोंगरातलं पाणी एकत्र येत जातं, फुटत नाही. ओहोळ ओढ्याला मिळतो, ओढा नदीला. मी पाणलोट आखायला शिकलो तो ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिल घेऊन. तेव्हा दोन नियम डोक्यात बसवले होते. जलविभाजकाची रेघ (जिच्या दोन बाजूंचं पाणी दोन वेगळ्या वाटांना लागतं ती) समोच्च रेषांना काटकोनात छेदत कड्याकड्याने चढते, आणि ज्या बिंदूपासून आखायला घेतलं तो सोडला तर वाहतं पाणी कुठेच ओलांडत नाही. रेघेने ओढा ओलांडलेला दिसला की खोडरबर उचलायचा. हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा हे बरोबरच असतं. तुम्ही नेमकं उरलेलं एक उदाहरण शोधून काढलंय.

जागा कुठली ते आधी बघू. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आग्नेय कोपऱ्याच्या दक्षिणेला ब्रिजर-टेटन राष्ट्रीय वन आहे आणि त्यात टेटन वाइल्डरनेस. १९६४च्या कायद्याने हा भाग राखीव झाला, म्हणजे मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. घोडा नाहीतर स्वतःचे पाय. लागूनच थोरोफेअरचं खोरं आहे. अलास्का वगळता अमेरिकेच्या सलग भूभागात गाडीरस्त्यापासून सगळ्यात दूरची जागा तिथेच धरतात, जवळचा रस्ता ३० किलोमीटरहून जास्त लांब. या मुलखात सुमारे २,४७० मीटर उंचीवर टू ओशन पास आहे. ‘पास’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर दोन कड्यांमधली अरुंद खिंड येते. इथे तसं काही नाही. दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये लांबलचक, जवळजवळ सपाट, ओलसर कुरण. अमेरिकेचा खंडीय जलविभाजक, म्हणजे पॅसिफिककडचं आणि अटलांटिककडचं पाणी वेगळं करणारी रेघ, या कुरणावरून जातो. समोच्च रेषा तिथे इतक्या विरळ आहेत की रेघ नेमकी कुठून न्यायची हे नुसत्या नकाशावरून ठरवणं कठीण.

नॉर्थ टू ओशन क्रीक उत्तरेकडच्या पठारावरून घळीतून खाली येतो आणि खिंडीच्या सपाटीला टेकण्याआधीच, झाडीतल्या एका उतारावर दुभंगतो. ना धबधबा, ना मोठा खडक. काही पावलांत ओलांडता येईल असा उथळ, गोट्यांवरून खळखळणारा ओढा, मध्ये जमिनीचा एक टोकदार जिभेसारखा तुकडा, त्याच्या डावीकडून एक धार आणि उजवीकडून दुसरी. झाडावर ठोकलेली लाकडी पाटी नसती तर कुणी थांबलंही नसतं. पाटीवर लिहिलंय, अटलांटिक ३,४८८ मैल, पॅसिफिक १,३५३ मैल. किलोमीटरमध्ये साधारण ५,६१३ आणि २,१७७. एक धार पॅसिफिक क्रीक, स्नेक आणि कोलंबिया या वाटेने पश्चिमेला जाते. दुसरी अटलांटिक क्रीकमधून यलोस्टोन नदीत, तिथून मिझुरी, मिसिसिपी आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात. १९६५ साली या जागेला ‘नॅशनल नॅचरल लँडमार्क’ ठरवलं गेलं. एकोणिसाव्या शतकात सापळे लावून जनावरं पकडणारा जिम ब्रिजर असा ओढा असल्याचं सांगायचा, तेव्हा लोकांना ती त्याची आणखी एक थाप वाटायची. अर्थात ब्रिजर थापा मारायचाही भरपूर, त्यामुळे लोकांना दोष देता येत नाही.

मग इथेच का फुटतो? तीव्र उताराचा ओढा घळीतून सुटून सपाटीला लागला की त्याचा वेग मोडतो आणि सोबत आणलेले गोटे, रेती तो तिथेच टाकतो. घळीच्या तोंडाशी हा भराव पंख्यासारखा पसरतो, त्याला जलोढ पंखा म्हणतात. पंख्यावर ओढ्याला पक्कं पात्र नसतं. गाळ साचून पात्र उंचावलं की पाणी शेजारच्या खोलगट वाटेने निघून जातं. एरवी यात विशेष काही नसतं, कारण पंख्यावर पाणी कुठूनही गेलं तरी खाली एकाच नदीला मिळतं. पण पंखा जर विभाजकाच्या माथ्यावरच पसरला असेल, तर त्याची एक कड एका महासागराच्या बाजूला उतरते आणि दुसरी दुसऱ्याच्या. ओढा डावीकडे सरकला की एक समुद्र, उजवीकडे सरकला की दुसरा. मध्ये कुठेतरी असताना दोन्ही.

वाटणी म्हणूनच कायमची नसते. बर्फ वितळून ओढा फुगला, एखादा ओंडका आडवा पडला किंवा एका तोंडाशी गोटे साचले, की हिस्सा बदलतो. पाटीवरचे आकडे वाचून कुणी म्हणेल की पॅसिफिककडचा रस्ता निम्म्याहून कमी, म्हणजे उतार जास्त, मग पाणी तिकडेच जास्त जाणार. हिशेब केला तर सरासरी उतार पॅसिफिककडे किलोमीटरला एक मीटरच्या थोडा वर आणि अटलांटिककडे अर्ध्या मीटरहूनही कमी येतो. पण त्या ओढ्याला समुद्राचं काही कळत नाही. त्याला कळतो पुढच्या दहा पावलांचा उतार आणि कुठल्या तोंडाशी गोटा अडकलाय ते.

आता पाणलोट. तुमच्या प्रश्नात गृहीत आहे की पाणलोट ओढ्याचा असतो. बोलताना आपण तसंच म्हणतो, मीही म्हणतो. पण आखताना पाणलोट ओढ्याचा नसतो, ओढ्यावरच्या एका बिंदूचा असतो. ‘या ठिकाणी उभं राहिलो तर कुठल्या कुठल्या जमिनीवरचं पाणी माझ्यापर्यंत पोचू शकतं?’ एवढाच तो प्रश्न आहे. नेहमीच्या ओढ्यावर हा फरक जाणवत नाही. इथे त्याच्यावाचून पान हलत नाही.

फाट्याच्या वर उभे राहा. तिथला पाणलोट अगदी सरळ आहे, पठारावरून उतरणारं छोटं खोरं, दोन कडांमध्ये बंद. त्याला ‘क’ म्हणू. आता पॅसिफिक क्रीकवर खाली येऊन उभे राहा. तुमच्यापर्यंत त्या बाजूच्या उतारांचं पाणी पोचतं आणि ‘क’चंही. अटलांटिक क्रीकवर जाऊन उभे राहिलात तरी तेच, तिकडचे उतार आणि पुन्हा ‘क’. निव्वळ कल्पनेचे आकडे घ्या: ‘क’ १० चौरस किलोमीटर, पॅसिफिककडचे उतार ३०, अटलांटिककडचे २०. पहिला पाणलोट ४० भरतो, दुसरा ३०, बेरीज ७०. जमीन मात्र ६०च आहे. हिशेब चुकलेला नाही, ‘क’ दोन्हींत मोजलाय आणि तो दोन्हींत मोजायलाच हवा. चूक तेव्हा होते जेव्हा या क्षेत्रफळावरून कुणी ओढ्यातलं पाणी काढायला जातं. तिथे ‘क’चं पाणी वाटणीच्या प्रमाणात तोडून घ्यावं लागतं, आणि ते प्रमाण जागेवर प्रवाह मोजूनच मिळतं. क्षेत्रफळ पूर्ण, पाणी हिश्श्याने.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि मला स्वतःला या सगळ्यात तीच जास्त आवडते. खंडीय विभाजक ही इथे रेघ राहतच नाही. ‘क’च्या पश्चिम कडेपलीकडचं सगळं निखळ पॅसिफिकचं, पूर्व कडेपलीकडचं निखळ अटलांटिकचं. मधला ‘क’ दोघांचा. म्हणजे उत्तरेकडून एकेरी येणारी रेघ इथे दुहेरी होते, ‘क’ला दोन्ही बाजूंनी वळसा घालते आणि फाट्यापाशी पुन्हा एक होते. सुईला नेढं असतं ना, तसं.

तुम्ही म्हणालात की संगणकावर पाणलोट काढला तेव्हा सगळा ओढा एकाच बाजूला गेला. जाणारच. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मूळ पद्धत डी-८ असते, १९८४ साली मांडलेली. उंचीच्या नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी, आणि पाणी त्यांतल्या सगळ्यात तीव्र उताराच्या एकाच शेजाऱ्याकडे. फाटा फुटणं या पद्धतीच्या व्याख्येतच बसत नाही. प्रवाह दोन शेजाऱ्यांत वाटणाऱ्या पद्धती आहेत, पण त्या उतारावरून पसरणाऱ्या पाण्यासाठी आहेत. ओढ्याची खरी वाटणी त्यांनाही सांगता येत नाही. त्यातून चौकोन १० मीटरचा आणि फाटा जेमतेम काही पावलांचा. अमेरिकेच्या सरकारी पाणलोट-कोडांचीही हीच अडचण आहे. तिथे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एकच कोड मिळतो, मिझुरीच्या बाजूला १०ने सुरू होणारा आणि कोलंबियाच्या बाजूला १७ने. ‘क’ला दोन्ही द्यायची सोयच नाही. कोड चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

आता मासे, कारण हा फाटा नुसती नकाशातली गंमत नाही याचा पुरावा तेच आहेत. यलोस्टोन सरोवरातून नदी बाहेर पडते आणि पुढे दोन धबधब्यांवरून कोसळते, एक ३३ मीटरचा, दुसरा ९४ मीटरचा. खालून वर कुठलाच मासा चढू शकत नाही. हिमयुगात सरोवराच्या जागी शेकडो मीटर जाडीचं बर्फ होतं, म्हणजे जुने मासे तिथे टिकले असण्याचाही प्रश्न नाही. तरीही सरोवरात कटथ्रोट ट्राउट मूळचाच आहे, कुणी आणून सोडलेला नाही. मग आला कुठून? १८९१ साली अमेरिकेच्या मत्स्य आयोगाचा बार्टन एव्हरमन याच प्रश्नासाठी या खिंडीत आला. बर्फ हटल्यावर मासे स्नेकच्या खोऱ्यातून पॅसिफिक क्रीकने वर चढले आणि खिंडीतल्या पाण्यातून पलीकडे उतरले, हे स्पष्टीकरण आजही सर्वसाधारणपणे मान्य आहे.

फक्त एक वाक्य जरा जपून घ्या. ‘इथून मासा एका महासागरातून दुसऱ्यात पोहत जाऊ शकतो’ असं सर्रास लिहिलेलं आढळतं. खिंड ओलांडू शकतो, इतकंच खरं. स्नेक नदीवर ६५ मीटरचा शोशोन धबधबा आहे, आणि समुद्रातून येणारे सामन मासे धरणं नव्हती तेव्हासुद्धा त्याच्या पायथ्याशीच थांबत.

अशा आणखी जागा आहेत. कॅनडात किकिंग हॉर्स पासवर डिव्हाइड क्रीक फुटतो, एक फाटा पॅसिफिकला आणि एक हडसन उपसागराकडे. दक्षिण अमेरिकेतला कासिक्यारे तर ३०० किलोमीटरहून लांब. तो ओरिनोकोचं पाणी ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेतो. यलोस्टोनमध्येच आयसा लेक हे तळं आहे, दोन्ही टोकांनी वाहणारं. तिथे पूर्वेचं टोक फिरून पॅसिफिकला जातं आणि पश्चिमेचं अटलांटिकला. दिशा बघून रंग भरणाऱ्याची तिथे हमखास फजिती होते.

तुमच्या नकाशासाठी माझं सांगणं असं. वरून फाट्यापर्यंतचा ‘क’ हाताने आखा, संगणकाच्या रेघेवर विसंबू नका. त्याला दोन्ही रंगांचे आलटून पालटून तिरके पट्टे द्या आणि सूचीत ‘दोन्हीकडे वाहणारं क्षेत्र’ असं वेगळं लिहा. विभाजकाची रेघ ‘क’च्या दोन्ही कडांनी न्या. आणि जवळच ग्रँड टेटन उद्यानात टू ओशन लेक नावाचं तळं दिसेल, त्याला पट्टे देऊ नका. नाव काही का असेना, त्याचं सगळं पाणी पॅसिफिककडेच जातं.