कोरोनानंतर घरी येऊन महिना झाला तरी वडिलांना चालताना धाप लागते, पहिल्यासारखं व्हायला किती दिवस लागतात?

माझं पण अगदी हेच झालेलं. मे २०२१, साताऱ्यात बेड मिळायची मारामार, १४ दिवस अ‍ॅडमिट आणि त्यातले ६ बायपॅपवर, म्हणजे तोंडावर मास्क लावून दाबानं हवा देणाऱ्या मशीनवर. त्याआधी मी रोज सकाळी साताऱ्याच्या डोंगरावरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून जाणारा माणूस, आणि घरी आलो तर पलंगापासून बाथरूम बारा पावलं, तिथं पोचलो की प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ, तांब्या उचलून ओतायला मुलगा. धाप नुसती फुप्फुसांची नसते हो, पडून राहून मांड्या पार सुकतात, स्टेरॉईडनं त्यात भर, हे फिजिओनं सांगेपर्यंत मला माहीतच नव्हतं.

वडिलांना स्पायरोमीटर दिलं असेल, फुप्फुसांच्या व्यायामाचं ते तीन प्लॅस्टिकच्या गोळ्या वर उचलायचं यंत्र. मी दोन दिवस त्यात शंख वाजवल्यासारखा फुंकत बसलो, फिजिओ हसायला लागली, काका ओढायचं असतं म्हणे! तिसरी गोळी वर जाईतो ऑगस्ट आला.

खरी चूक केली जूनमधे. एक दिवस रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९६ दिसलं, लई बरं वाटलं म्हणून राजवाड्यापर्यंत चालत गेलो, येताना रिक्षा, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठवेना. मग हिशोब बसवला, दमायच्या आधीच थांबायचं, दोन-तीन दिवस तेवढंच नीट जमलं तरच एक-दोन मिनिटं वाढवायची, चालताना बोलता आलं पाहिजे. ऑक्सिमीटर चालायच्या आधी आणि नंतर लावा, ९० च्या खाली गेलं की थांबायचं आणि डॉक्टरांना फोन. धाप लागली तर खुर्चीत पुढं वाकून कोपरं मांडीवर टेकायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा सावकाश सोडायचा.

स्टेरॉईड चालू असेल तर शुगर बघत राहा, माझी ३०० च्या वर गेलेली, आधी डायबेटिस नसताना, आणि पाहुणे येताना ज्यूसच आणायचे! गोळ्या मनानं बंद करू नका, डोस हळूहळू उतरवतात. अंडी, मटकी, डाळ भरपूर द्या. एकच पाय सुजला किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता दवाखाना गाठा, रक्ताची गुठळी असू शकते. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू शकतात, ते येतात परत.

दिवस कोणी मोजून सांगणार नाही. मी चार भिंतीला परत गेलो जानेवारी २०२२ मधे, वाटेत दोनदा बसून. अजिंक्यतारा किल्ल्यावर अजून गाडीनंच जातो.