आधी निरोगी गाय

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. नीटचा निकाल हाती आहे, पशुवैद्यकीच्या प्रवेशाच्या फेऱ्यांना अवकाश आहे, आणि अमेरिकेतल्या तुझ्या आतेबहिणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या अर्जात जनावरांबरोबर घालवलेले तास मांडावे लागले म्हणून तूही विचारतेस की किती तास पुरे, आणि पुण्यातल्या कुत्र्यांच्या दवाखान्याचे प्रमाणपत्र मोलाचे की फलटणजवळचा मामांचा गोठा. आपल्याकडे प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. तुझे तास कोणी मोजणार नाही. म्हणूनच मामांकडे जा. दवाखान्यात दिवसभर आजारी जनावरे दिसतील, आणि तुला आत्ता पाहायची आहेत ती निरोगी.

हे तुला उफराटे वाटेल. मलाही 1987 साली वाटले असते. शहरात वाढलेला मी, पदवी घेऊन पहिल्याच नेमणुकीवर गेलो, तेव्हा एका बाईंनी संकरित गाय दाखवली. त्या म्हणाल्या, "साहेब, ही उताराला पाय टाकीना, आणि पुढची कोपरं बाहेर काढून उभी राहती." मी थर्मामीटर लावला, थोडा ताप निघाला, प्रतिजैविक टोचले, पाचक पूड दिली आणि निघालो. तिसऱ्या आठवड्यात गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरले, मानेची शीर दोरासारखी फुगली, आणि गाय गेली. शवविच्छेदनात हृदयाच्या आवरणात बोटभर तार सापडली. कुट्टीतून, म्हणजे बारीक कापलेल्या चाऱ्यातून, पोटात गेलेली ती तार पोटाच्या दुसऱ्या कप्प्यातून पुढे हृदयाकडे सरकली होती. बाईंनी मला निदान अक्षरशः सांगितले होते. त्या काळी तालुक्याला क्ष-किरण यंत्र नव्हते, आणि पोट उघडून तार काढायची तर ती सुरुवातीलाच काढायला हवी होती, हे मी आजही स्वतःला सांगतो, आणि ते खोटे नाही. पण वशिंडामागे पाठ चिमटीत धरून पाहायला यंत्र लागत नव्हते.

ती परीक्षा मला पाठ होती. चिमटा घेतला की निरोगी गाय पाठ खाली झुकवते. पोटात तार टोचत असेल तर पाठ ताठ धरते, कण्हते. मी मात्र निरोगी गाईची पाठ एकदाही दाबलेली नव्हती, मग न झुकणारी पाठ मला काय सांगणार? जे घडत नाही ते ओळखायला, जे घडते ते शंभरदा पाहिलेले असावे लागते. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात, ज्यात एक वर्ष आंतरवासितेचे असते, रोग भरपूर शिकवतात. निरोगी गाईपाशी नुसते उभे राहायला सवड मिळत नाही. मला तरी मिळाली नाही.

तेव्हा एकच गोठा, सलग सहा आठवडे, दोन्ही धारांना हजर. शेण काढताना ते पातळ की घट्ट, हे बघ. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेवर, मूठ दाबून धर; पोट मिनिटाला साधारण एक-दोनदा हाताला उचलेल. रवंथाच्या एका घासाला गाय किती वेळा चघळते ते मोज, साधारण पन्नास-साठ भरेल. तापमान 101.5 अंश फॅरनहाइटच्या आसपास, हे पुस्तकात आहे. पण दुपारच्या उन्हात तुझ्या गाईचे किती चढते, हे पुस्तकात नाही. नाकपुडी ओली आहे का, उठताना आळस देते का, गव्हाणीवर कोण कोणाला ढकलते, हे लिहीत जा. "मला तर कुत्रीमांजरेच करायची आहेत" असे लिहिले आहेस, करशील. पण निरोगी कुत्रे तरी नीट पाहिले आहेस का?

इंजेक्शनला हात लावू नकोस. उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे, 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा तसे सांगतो, आणि मामा कितीही आग्रह करोत, "कधीतरी शिकायचेच ना" हा युक्तिवाद मला ऐकवू नकोस. गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या, गाईची वार उघड्या हाताने मुळीच ओढू नकोस. ब्रुसेल्लाचा जंतू माणसालाही धरतो आणि माझ्या एका सहकाऱ्याने त्याच्या तापात महिने काढले. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस डॉक्टरांना विचारून जाण्याआधीच सुरू कर. माझ्या बोलण्याचा राग येईल, येऊ दे. पहाटे पाचला आंबोणाच्या, म्हणजे भिजवलेल्या खुराकाच्या, पाटीशी उभी राहिलीस की मामी चहा देतील, आणि मामींना गाईबद्दल जे विचारशील ते माझ्यापेक्षा बरे सांगतील.

पहिल्या पंधरवड्याची वही पाठव. प्रत्येक गाईचे पान वेगळे असावे, आणि ज्या दिवशी काहीच विशेष घडले नाही, त्या दिवसाची नोंद गाळू नकोस. मला तीच आधी वाचायची आहे.

तुझा,
काका