हॅमस्टर किती वर्षं जगतो? आमचा आठ महिन्यांतच का गेला?

तुम्ही लिहिलंय की सिरियन हॅमस्टर होता, तुमच्याकडे आठ महिने राहिला. पाऊस सुरू झाला तसा तो शिंकायला लागला. दुकानदाराने सांगितलं म्हणून तुम्ही लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप रोज दोन थेंब दिलं. शिंका थांबल्या, पण सहाव्या दिवशी जुलाब लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. हॅमस्टर एवढेच जगतात का, आणि मुलीला काय सांगू, असं तुम्ही विचारताय.

नाही, एवढेच जगत नाहीत. सिरियन हॅमस्टर साधारण दोन ते अडीच वर्षं जगतो, चांगला सांभाळला तर तीन वर्षांपर्यंतही जातो. ड्वार्फ म्हणजे बुटक्या जातीचे दीड-दोन वर्षं. त्यातला रोबोरोव्स्की सगळ्यांत छोटा, पण तो तीन वर्षंही काढतो. दुकानातून आणताना तुमचा हॅमस्टर दोन-तीन महिन्यांचा होता असं धरलं तरी गेला तेव्हा तो वर्षाच्याही आतलाच होता, म्हणजे अगदी तरणाताठा. तेव्हा 'त्याचं आयुष्यच तेवढं होतं' असं मी तुम्हाला सांगणार नाही. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं हॅमस्टर आहेत आणि ओळखीपाळखीतून असे बरेच फोन येतात. तुम्ही दिलेल्या तपशिलात कारण बहुतेक दिसतंय. वाचायला जड जाईल, पण तुम्हाला ते कळायला हवं.

ते कारण बहुधा सिरप आहे. अमॉक्सिसिलिन आपल्या मुलांना चालतं, कुत्र्यालाही डॉक्टर देतात, पण हॅमस्टरसाठी ते विषासारखं ठरू शकतं. त्याच्या आतड्यात जे उपयोगी जंतू असतात, ते नेमके या औषधाने मरतात. मग त्या रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू बेसुमार वाढतो, त्याचं विष आतड्याला सुजवतं, जुलाब लागतात आणि एवढासा जीव एका दिवसात कोरडा पडतो. औषध सुरू केल्या केल्या हे होत नाही. मधले चार-पाच दिवस सगळं छान दिसतं, मूळ आजारही बरा झाल्यासारखा वाटतो आणि मग अचानक जुलाब. तुमच्याकडे घडलं ते अगदी याच क्रमाने. हॅमस्टरचा हा नाजूकपणा इतका पक्का आहे की 1970 च्या दशकात, अँटिबायोटिक घेतल्यावर माणसांना होणाऱ्या आतड्याच्या सुजेचं कारण शोधताना संशोधकांनी हॅमस्टरच वापरले, आणि त्यातूनच हा जंतू गुन्हेगार म्हणून पुढे आला. पेनिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही सगळी याच यादीत येतात. जखमेवर लावायचं अँटिबायोटिक मलमसुद्धा धोक्याचं, कारण तो ते चाटून टाकतो.

शवविच्छेदनाशिवाय कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही, हे खरं. जुलाब म्हटल्यावर लोक तुम्हाला 'वेट टेल' सांगतील. तोही आजार भयंकरच, शेपटीकडचा भाग ओला, घाण वास, पाठ वर काढून बसणं, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. पण तो प्रामुख्याने आईपासून नुकत्याच तोडलेल्या पिल्लांना होतो, तीन ते दहा आठवड्यांच्या वयात. दुकानातून आणल्यावर पहिल्याच आठवड्यात हॅमस्टर गेला तर मला पहिला संशय त्याचा येतो. तुमचा त्या वयाच्या पुढे गेलेला होता.

आणि हे स्पष्ट सांगते, यात तुमचा निष्काळजीपणा नव्हता. तुम्ही प्राणी विकणाऱ्या माणसालाच विचारलंत, दुसरं कुणीही हेच केलं असतं. राग मला विकणाऱ्यांचा येतो. जिवंत प्राणी विकताय तर निदान त्याला काय द्यायचं नाही एवढं तरी माहीत हवं. हे उत्तर वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं: हॅमस्टरला मेडिकलमधून आणलेलं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. त्याच्यासाठी चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, एन्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन वगैरे, पण त्यांचं प्रमाण त्याच्या वजनाच्या हिशोबात, ग्रॅमागणिक बसवावं लागतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

मूळच्या शिंकांना कदाचित औषधाची गरजच नव्हती. पाऊस सुरू झाला की आपल्याकडे दारं-खिडक्या बंद होतात, भुसा दमट राहतो, लघवीचा उग्र वास पिंजऱ्यातच कोंडतो आणि नाक चुरचुरतं. सुताराकडून आणलेला भुसा असेल तर त्यातली बारीक धूळ आणखी त्रास देते, शिवाय त्यात पॉलिशचे, राळ असलेल्या लाकडाचे अंश असू शकतात. अंथरायला बिनवासाचा पांढरा टिश्यू पेपर फाडून घालावा किंवा स्वच्छ कोरडं गवत. दुकानात मिळणारा कापूस तर अजिबात नको. त्याचे धागे पायाला गुंडाळले जातात, गालाच्या पिशव्यांत अडकतात. नाक वाहत नसेल, खाणं-पळणं नेहमीचं असेल तर आधी हे बदलून दोन दिवस बघायचं. श्वासाबरोबर खरखर ऐकू आली, किंवा खाणं सुटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

डॉक्टरांचं म्हणाल तर आपल्या इंदूरमध्ये बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. त्यामुळे आधी फोन करून 'हॅमस्टर बघता का' हे विचारूनच निघा, नाहीतर रिक्षात दीड तास घालवून परत यावं लागतं. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. आम्ही राजेंद्रनगरचे लोक तर राऊवरून लगेच पोचतो. पण हा पत्ता आजारपण आल्यावर शोधायचा नसतो. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा प्राणी, मिनिटाला तीनशे-चारशे ठोके पडणारं हृदय. 'उद्या सकाळपर्यंत बघू' एवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

आपल्या भागात तरुण हॅमस्टर जाण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे उन्हाळा. लोक मला सांगतात, 'अहो, सीरियाच्या वाळवंटातला प्राणी आहे, त्याला काय होतंय गरमीने!' मूळ तिथलंच आहे, बरोबर. 1930 मध्ये इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळून एक मादी आणि तिची पिल्लं खणून आणली, आज घराघरांत असलेले सिरियन हॅमस्टर जवळजवळ सगळे त्याच कुटुंबाचे वंशज. पण खणून आणली, हे महत्त्वाचं. तिथे तो भर उन्हाच्या वेळी अर्धा-पाऊण मीटर खोल गार मातीत असतो आणि सकाळी किंवा ऊन उतरल्यावर बाहेर पडतो. आपण त्याला मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, पत्र्याखाली, तारेच्या पिंजऱ्यात ठेवतो. तो जाणार कुठे? त्याला घाम येत नाही. वीस ते चोवीस अंश त्याला मानवतं. खोली तिशीच्या वर गेली की धोका सुरू, आणि इंदूरची मेमधली दुपार तर चाळिशी गाठते.

ऊन लागलेला हॅमस्टर आधी पोटावर सपाट पसरतो, मग लाळेने हनुवटी आणि गळा ओला होतो, हातात घेतला तर अंग सैल लागतं. वेट टेलमध्ये ओलेपणा मागे असतो, उन्हात पुढे, हा फरक ध्यानात ठेवा. अशा वेळी बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच तो जाईल. गार लादीवर ठेवा, पाय आणि कान साध्या पाण्याच्या बोटाने ओले करा, शुद्धीवर असेल तर थेंब थेंब पाणी द्या आणि दवाखाना गाठा.

मुळात ती वेळ येऊ नये म्हणून मार्चअखेरीसच पिंजरा घरातल्या सगळ्यांत गार खोलीत, जमिनीलगत आणावा. आम्ही आत मातीचा छोटा माठ आडवा ठेवतो, त्याचं तोंड थोडं फोडून कडा घासून घेतलेली. दुपारी हॅमस्टर हमखास त्यात असतो, पाठ त्या गार खापराला टेकवून. पिंजऱ्याला लागून बाहेरून कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवता येते. कूलर चालेल, पण त्याचा झोत थेट अंगावर नको, दमट वाऱ्याने पुन्हा शिंका.

पाण्याची बाटली भरलेली दिसली म्हणून पाणी मिळतंय असं समजू नका. नळीच्या टोकाची गोळी अडकते आणि भरल्या बाटलीशेजारी प्राणी तहानेने जातो. रोज बोटाचं टोक लावून थेंब येतो का ते बघायचं.

थंडीतलं प्रकरण उलटं. जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. पिंजरा खिडकीशी असेल तर हॅमस्टर कधी कधी गुंगीत जातो. अंग गार, आखडलेलं, श्वास इतका मंद की दिसतच नाही. काही लोकांनी असे जिवंत हॅमस्टर मेले समजून पुरलेत, या विचाराने माझ्या पोटात कालवतं. थंडीत असा सापडला तर आधी ओंजळीत धरून, उबदार खोलीत, अर्धा-एक तास हळूहळू ऊब द्या. मिशा हलल्या तर समजा, आहे. मग डॉक्टरांना दाखवा.

जोडी घेऊ नका. 'एकटा कंटाळेल' म्हणून दुकानदार दोन देतो. सिरियन हॅमस्टर मोठा झाला की दुसरा सहन करत नाही, भांडणं रात्री होतात आणि सकाळी एक रक्तबंबाळ सापडतो. नर-मादी असले तर गाभण राहायला महिना-दीड महिन्याचं वय पुरतं आणि पिल्लं सोळा दिवसांत. एवढ्या कोवळ्या वयातल्या बाळंतपणात मादी दगावू शकते.

खाण्यात फक्त सूर्यफुलाच्या बिया देत राहिलं की तो लठ्ठ होतो, ड्वार्फला तर मधुमेहही होतो. ज्वारी, बाजरी, ओट्स, दलिया, थोडी काकडी-गाजर, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा कण, असं मिसळून द्यावं. कांदा, लसूण, चॉकलेट नको. शेव नको, पोहेही नकोत, आणि हे घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगून ठेवा, कारण इंदुरी माणसाला कुणाला काही भरवल्याशिवाय राहवत नाही. पाण्याने अंघोळ कधीच नाही. टेबलावर मोकळा सोडू नका, त्याला उंची कळत नाही, सरळ खाली पडतो.

म्हातारपणाचं सांगायचं तर दीड वर्षानंतर केस विरळ होणं, झोप वाढणं, चाकावर कमी पळणं स्वाभाविक आहे. त्या वयात हृदय, मूत्रपिंडं, गाठी असे आजार येतात, आणि सिरियनमध्ये माद्या सहसा नरांपेक्षा थोड्या आधी जातात. तिथे आपल्या हातात फारसं नसतं.

हातात असणारी एक गोष्ट मात्र फार उपयोगाची आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर स्टीलची वाटी ठेवून शून्य करा, वाटीत एक बी टाका आणि हॅमस्टरला त्यात बसवा. बी गालात भरेपर्यंत तो शांत असतो, तेवढ्यात आकडा मिळतो. दर रविवारी लिहून ठेवा. हा प्राणी दुखणं लपवतो, बाहेरून गुबगुबीत दिसत राहतो, पण वजन खोटं बोलत नाही. 130 चा 117 झाला तर काहीतरी बिघडलंय, मग तो कितीही उड्या मारत असो.

मुलीला खरं सांगा, असं मला वाटतं. 'आपल्याला बरं करणारं औषध त्याच्या पोटाला सोसलं नाही आणि हे आपल्याला माहीत नव्हतं' एवढं सात-आठ वर्षांच्या मुलाला समजतं. 'म्हातारा झाला होता' सांगितलंत तर पुढे कधीतरी तिला हे कळेलच, आणि तेव्हा दोन गोष्टींचं दुःख होईल.

दुसरा आणायचा विचार असेल तर घाई नको. जुलाब लावणाऱ्या त्या क्लॉस्ट्रिडियम जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं बीसारखं टिकाऊ रूप, फार चिवट, सॅनिटायझरने मरत नाहीत. लाकडी घर, पूल, भुसा टाकून द्या. बाकी पिंजरा, चाक, बाटली साबणाने घासून मग ब्लीचच्या पाण्यात भिजवा, खळखळून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. नवीन पिल्लू दिवाळीचे फटाके संपल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यात आणलंत तर त्याला रुळायला बरी हवा मिळेल. तोपर्यंत पिंजऱ्याची मापं आणि चाकाचा फोटो इथे टाकलात तर ते चालतील की बदलावे लागतील, ते मी सांगते.